ती एक खिडकी कुणासाठी? : ‘द अँबर स्पायग्लास’ वाचून झालेल्यांसाठी धागा

अर्धविराम

(तिसरं पुस्तक अजून वाचून व्हायचं असेल तर इथूनच मागे फिरा. खाली शेवटासकट सगळं उघड लिहिलंय.)

फिलिप पुलमनची ‘हिज डार्क मटेरियल्स’ ही त्रयी मी गेल्या महिन्यात पुन्हा सलग वाचली. पहिलं पुस्तक १९९५चं, दुसरं १९९७चं आणि तिसरं २०००चं. त्या वेळच्या वाचकांनी शेवटासाठी तीन वर्षं कशी काढली असतील कोण जाणे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिन्ही पुस्तकं हाताशी होती, तरी ‘द अँबर स्पायग्लास’ मिटल्यावर मला लेखकाचा भयंकर राग आला होता. लायरा आणि विल ही दोन वेगळ्या जगांतली मुलं एवढं सगळं सोसून एकमेकांना भेटतात, आणि शेवटच्या काही पानांत एक देवदूत येऊन सांगते की तुम्हाला आपापल्या जगात परत जावं लागेल, कायमचं. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या मध्यावर, भर दुपारी तासभर, आपापल्या जगातल्या त्याच बागेतल्या त्याच बाकावर बसायचं. तो शेजारी आहे असं समजायचं. बस. पुस्तक संपलं. मी कितीतरी दिवस ते कपाटातून बाहेर काढलं नव्हतं.

या खेपेला राग आला नाही. का आला नाही ते शोधताना एक गोष्ट हाती लागली, तीच इथे मांडायची आहे.

आपण सगळे शेवट म्हणून बाकाचं प्रकरण धरतो. पण शेवटाची सुरुवात फार आधी होते, मेलेल्यांच्या जगात. लायरा तिथे का जाते हे आठवा. तिला कुठलंही युद्ध जिंकायचं नसतं. तिला तिच्या मेलेल्या मित्राची, रॉजरची माफी मागायची असते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तिनेच त्याला नकळत बापाच्या हाती दिलेलं असतं. तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला ती गुंगीत पडलेली असते तेव्हा प्रकरणांच्या मधेमधे ती स्वप्नं येतात, रॉजरशी अर्धवट तुटणारी बोलणी. एका स्वयंपाकघरातल्या पोराची माफी मागायला ही मुलगी मरणाच्या पलीकडे जाते, आणि तिथे पोचल्यावर तिला दिसतं की रॉजर एकटा नाही. कोट्यवधी लोक त्या अंधारात नुसते उभे आहेत, बोलणंसुद्धा विसरत चाललेले. मग विल त्याच्या सुरीनं दुसऱ्या जगात उघडणारी खिडकी कापतो आणि ते बाहेर पडायला लागतात.

सगळ्यांत पुढे रॉजर. तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो, मागे वळून लायराकडे बघतो, अचंबा वाटून हसतो, आणि विरघळतो. रात्रीत, चांदण्यात, वाऱ्यात. दोन-चार ओळींत आटोपलेलं आहे सगळं. मी त्या पानावर अर्धा तास थांबले असेन.

आता शेवटाकडे या. देवदूत सांगते की सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागतील, कारण त्यांतून डस्ट, म्हणजे जाणत्या जिवांभोवती जमणारे अदृश्य कण, गळून जातेय. पण एक खिडकी, फक्त एक, उघडी ठेवता येईल. माणसं जर चांगली जगली, शोधत, शिकत, एकमेकांशी मायेनं वागत राहिली, तर एका खिडकीतून गळेल तेवढी डस्ट भरून निघेल. हे ऐकताच दोघांच्या मनात आशा उभी राहते, की मग ती एक आमच्यासाठी! आणि पुढच्याच क्षणी दोघांनाही कळतं की ती एक आधीच देऊन झालेली आहे. रॉजर ज्यातून बाहेर पडला, तीच ती.

ही ताटातूट लेखकानं वरून लादलेली नाही. ती त्या खिडकीची किंमत आहे. त्यांना ती परत मागता आली असती. त्यांनी मागितली नाही. पहिल्या वाचनात माझं सगळं लक्ष दोघांच्या रडण्याकडे होतं, त्यामुळे हे निसटलं.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांना शेवट अजिबात पटला नाही त्यांनी तर नक्की लिहा.

चकवा

मला पटला नाही, म्हणून लिहितो.

तुमचं रॉजरबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण माझी तक्रार भावनेची नाही, बांधणीची आहे. अद्भुतकथेत नियम लेखक स्वतःच करतो. म्हणून ते नियम वाचकाला वेळेवर सांगणं ही त्याची जबाबदारी ठरते. इथे तीन नियम एकदम अंगावर येतात. एक, दुसऱ्या जगात माणूस दहा वर्षांहून जास्त तग धरत नाही. दोन, सुरीनं खिडकी कापली की दर वेळी एक स्पेक्टर, म्हणजे मोठ्या माणसांना आतून खाणारं भूत, जन्माला येतो. तीन, खिडकी एकच ठेवता येते. हे सगळं पुस्तक संपत आलेलं असताना! आणि सांगतं कोण, तर झाफानिया, जिला आपण तोवर नीट ओळखतसुद्धा नाही. तिन्ही नियम अशा बेतानं आहेत की दोघांना एकत्र राहायची एकेक वाट बरोबर बंद होते. तो त्याच्या जगातून तिच्याकडे जाईल म्हणावं, तर दहा वर्षांत मरेल. ये-जा करतील म्हणावं, तर स्पेक्टर. खिडकी उघडी ठेवतील म्हणावं, तर ती आधीच गेली. लेखकाला ताटातूट हवी होती आणि त्यानं मागून भिंती बांधल्या, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरी गोष्ट युद्धाची. दोन पुस्तकं लायराचा बाप लॉर्ड अझरिएल देवाविरुद्ध सैन्य जमवतोय, किल्ला उभारतोय, सगळी जगं त्याच्याकडे ओढली जातायत. आणि प्रत्यक्ष लढाई? धुरात, धावपळीत, मुलं आपापले डीमन (प्राण्याच्या रूपातला आपलाच आत्मा) शोधत पळतायत तेवढ्यात कडेकडेनं उरकलेली. डस्टची गळती थांबते ती दोन मुलांच्या प्रेमानं. ते सुंदर लिहिलंय, नाही म्हणत नाही. पण मग अझरिएलच्या एवढ्या खटाटोपाचं काय झालं?

खडू

युद्धाबद्दल चकवा यांच्याशी सहमत. लायराच्या आईनं, मिसेस कोल्टरनं, शत्रूपक्षाच्या मुख्य देवदूताला, मेटाट्रॉनला, खोटं बोलून खाईच्या काठावर आणणं, एवढा एकच प्रसंग त्या भागात लक्षात राहतो. तो मात्र जबरदस्त आहे. जिनं आयुष्यभर फक्त खोटंच केलं ती आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं मुलीसाठी बोलते, आणि ते पचावं म्हणून स्वतःमधलं सगळं वाईट त्याला उघडं करून दाखवते.

उंबरठा

चकवा, तुमच्या तीन नियमांवर जरा सविस्तर लिहितो. मीही एकदा याच शंकेनं पछाडलो होतो आणि दुसरं पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं होतं.

दहा वर्षांचा नियम घ्या. विलचा बाप जॉन पॅरी दुसऱ्या पुस्तकात भेटतो तेव्हा तो लायराच्या जगात बरीच वर्षं काढलेला, चांगला नाव कमावलेला माणूस असतो, आणि तो आजारी असतो. नुसता थकलेला नव्हे, मरणाच्या दारात. का, ते तेव्हा कुणी सांगत नाही. आपण धरून चालतो की हवामान, प्रवास, वय. तिसऱ्या पुस्तकात मेलेल्यांच्या जगात त्याचं भूतच मुलांना सांगतं की डीमन आपल्या जन्मजगातच पुरं आयुष्य जगू शकतो. म्हणजे हा नियम देवदूताच्या तोंडून पहिल्यांदा येतच नाही. त्याआधी तो एका माणसाच्या शरीरावर घडून गेलेला आहे. आणि सांगणाराही कोण, तर ज्याला त्याची किंमत मोजावी लागली तो बाप. अझरिएलचा सगळा बेत याच कारणानं फसणार होता हेही तोच बोलून दाखवतो. दुसऱ्या जगात उभारलेलं राज्य टिकणारच नव्हतं. युद्ध कडेकडेनं का उरकलं, याचं माझ्यापुरतं उत्तर तिथे आहे.

स्पेक्टरचा नियम. चित्तागाझ्झे शहरात आपण पहिल्यांदा शिरतो तेव्हा तिथे फक्त मुलं आहेत. मोठ्यांना स्पेक्टर खातात. हे कधीपासून? तीनशे वर्षांपासून. आणि सुरी कधी घडवली? तीनशे वर्षांपूर्वी, त्याच शहराच्या मनोऱ्यात. दोन्ही आकडे आपल्या डोळ्यांसमोर असतात. शहरातल्या लोकांनाही अंदाज असतो की मनोऱ्यातल्या पंडितांनी काहीतरी करून ठेवलंय. आपल्याला मात्र सुरी एवढी आवडलेली असते, विल ती हवेत टोक फिरवून फट शोधायला शिकतो तो प्रसंग इतका रंगलेला असतो, की आपण तिच्यावर संशयच घेत नाही. तिसऱ्या पुस्तकात मुलेफांची, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या त्या प्राण्यांची, झाडं मरायला लागली ती कधी? तीनशे वर्षांपूर्वी. तिसऱ्यांदा तोच आकडा! मी तिथे पेन्सिल खाली ठेवली.

चकवा

उंबरठा, पहिले दोन मुद्दे मागे घेतो. जॉन पॅरीचं आजारपण मी साफ विसरलो होतो. तीनशे वर्षांचं तर लक्षातच आलं नव्हतं, परत वाचावं लागणार.

तिसरा मात्र सोडत नाही. एकच खिडकी का? दोन का नाहीत? कुणी मोजलं हे? इथे मला लेखकाचा हात दिसतोच.

निळी_शाई

मी सध्या हे पुस्तक मुलीला रोज रात्री वाचून दाखवतेय. ती बारा वर्षांची, म्हणजे लायराएवढीच. त्यामुळे माझं लिहिणं तुमच्यासारखं मुद्देसूद होणार नाही, चालवून घ्या.

आम्ही अजून शेवटाला पोचलो नाही. आम्ही नावेपाशी अडकलो होतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मेलेल्यांच्या जगात जायला नाव आहे आणि नावाडी म्हणतो, डीमनला नेता येणार नाही. लायरा हुज्जत घालते, विनवते. तो रागावत नाही, कठोरही होत नाही. असंच असतं, एवढंच सांगतो. तो तर रोज असंख्य लोकांना नेतो. मग तिचा डीमन पॅन धक्क्यावर राहतो. छोटा होतो, कुत्र्याच्या पिल्लाएवढा, आणि तिथेच बसून राहतो. तो ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही. नुसता बघत राहतो. नाव धुक्यात शिरते.

मुलीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, आई, इथे थांब. दोन रात्री आम्ही पुढे वाचलं नाही. तिसऱ्या रात्री तिनं विचारलं, “ती परत येऊन त्याला घेणार आहे का, एवढंच सांग.” मी सांगितलं. एरवी मी पुढचं कधीच सांगत नाही.

मोठेपणी वाचताना मला तिथे आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला कॉलेजचे मास्टर म्हणतात ना, की ही मुलगी एक मोठा विश्वासघात करेल आणि त्याचा तिलाच भयंकर त्रास होईल? आपण सगळे समजतो ते रॉजरबद्दल होतं. रॉजर मेला, भाकीत खरं झालं, संपलं. नाही! ते या धक्क्याबद्दल होतं. पुलमननं तिथे ते स्पष्ट लिहिलंय. दोन पुस्तकं आपण चुकीच्या जखमेकडे बघत होतो.

आणि विललाही तसंच दुखतं, हे विसरू नका. त्याला डीमन बाहेर दिसतही नाही, तरी आतून काहीतरी उपटलं जातं. जी गोष्ट आपल्याकडे आहे हेच त्याला माहीत नव्हतं, ती त्याला सोडताना कळली.

रानवारा

मुलेफांची बाजू घ्यायला कुणीच कसं नाही?

मी जिथे जिथे या पुस्तकावर बोलणं ऐकलं तिथे लोक म्हणतात, मेरी मलोन या शास्त्रज्ञ बाईची प्रकरणं कंटाळवाणी, चाकांवर फिरणारे प्राणी काय, आम्ही चाळून पुढे गेलो. मला तीच प्रकरणं त्रयीतली सगळ्यांत प्रिय आहेत. त्या प्राण्यांना कणा नाही, सांगाडा चौकटीसारखा आहे, एक पाय पुढे, एक मागे, दोन बाजूंना, आणि झाडाच्या टणक गोल शेंगा ते नखात अडकवून चाकासारख्या वापरतात. लाव्हा थंड होऊन त्या जगात सपाट रस्ते आपोआप झालेले आहेत. चाकं फिरून फिरून शेंगा फुटतात, तेव्हाच बी रुजतं. शेंगांत तेल असतं, त्या तेलामुळे मुलेफांना जाण येते. झाड, रस्ता, प्राणी, तिघांपैकी एक काढलं तर उरलेले दोन कोसळतात. अद्भुतकथेत नवीन प्राणी पुष्कळ असतात, पण ज्याचं जगणं असं आतून जुळवलेलं आहे असा प्राणी मी तरी दुसरा वाचला नाही.

आणि ते पुस्तकाच्या विषयापासून दूर नाहीत. मेरी दुसऱ्या पुस्तकात प्रयोगशाळेत शोधते की साधारण तीस-चाळीस हजार वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वस्तूंवर हे कण जमायला लागले. मुलेफाही आपली गोष्ट तेहतीस हजार वर्षांपासूनच मोजतात. डस्ट म्हणजे काय, हे तिला यंत्रासमोर बसून कळत नव्हतं. ते तिला त्यांच्याबरोबर जाळी विणताना, त्यांची भाषा शिकताना कळतं. दोघे मुलेफा दोन सोंडांनी मिळून गाठ मारतात, तिला एकटीला दोन हातांनी ती जमते, आणि आधी तिला त्याचा अभिमान वाटतो. मग तिच्या लक्षात येतं की दोन हात असल्यामुळेच आपल्याला दुसऱ्याची गरज उरत नाही.

स्पायग्लासचंही तेच. पुस्तकाचं नाव ज्या वस्तूवरून आहे ती कुणा राजाची नाही, जादूची नाही. झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेच्या दोन चकत्या, मधे वीतभर अंतर, वरून शेंगेचं तेल. कितीतरी दिवस घासून, पुसून, चुकून, पुन्हा करून एका बाईनं हातानं बनवलेली वस्तू. पहिल्या पुस्तकातलं अलेथिओमीटर, म्हणजे खरं उत्तर सांगणारं यंत्र, लायराला आपसूक वाचता येतं. दुसऱ्यातली सुरी विलकडे चालून येते. तिसऱ्यातली वस्तू मात्र घडवावी लागते.

खडू

रानवारा, हा शेवटचा मुद्दा मला नवा आहे. मेरीची अर्धी प्रकरणं मीही चाळलीच होती. परत वाचतो.

पानगळ

उर्सुला ले ग्विनची ‘अर्थसी’ कुणी वाचली आहे का? तिचं तिसरं पुस्तक, ‘द फार्देस्ट शोअर’, १९७२चं. तिथेही मेलेल्यांचा प्रदेश आहे. दगडांच्या बुटक्या भिंतीपलीकडे, कोरडा, न ढळणाऱ्या ताऱ्यांखालचा. ज्यांनी एकमेकांवर प्रेम केलं ते तिथे शेजारून निघून जातात, ओळखही देत नाहीत. त्या पुस्तकात नायक पलीकडे जातो ते जगाला पडलेलं भोक बुजवायला, आणि त्यात स्वतःची सगळी विद्या खर्चून बसतो. भिंत मात्र उभीच राहते. खूप काळ ती त्रयी तिथेच थांबली होती. मग १९९०मध्ये चौथं पुस्तक आलं, आणि २००१मध्ये ‘द अदर विंड’. त्यात ती भिंत पाडतात. मेलेले बाहेर पडतात आणि वाऱ्यात, उजेडात मिसळून जातात.

तारखा बघा. पुलमनचं २०००, ले ग्विनचं २००१. दोन मोठे लेखक, एकमेकांपासून दूर बसून, जवळजवळ एकाच वेळी त्याच ठिकाणी पोचले, की मेलेल्यांना कोंडून ठेवणारी जागा ही चूक आहे आणि ती उघडली पाहिजे. मला ही दोन दृश्यं लागोपाठ वाचायला फार आवडतं.

फरक हा की ले ग्विनला तिथे पोचायला जवळजवळ तीस वर्षं आणि नंतरची पुस्तकं लागली. स्वतःच्याच त्रयीच्या शेवटाशी ती भांडत राहिली. चकवांना जे खटकतंय, शेवट घाईनं बांधला वगैरे, त्यावर हा एक वेगळा उपाय होता असं म्हणता येईल. पण तो किती लेखकांना परवडेल?

दिवेलागण

दोन लहान गोष्टी.

सुरुवातीची हिमालयातली गुहा. मिसेस कोल्टर लायराला गुंगीचं औषध देऊन तिथे लपवते, आणि आमा नावाची तिथल्या गावातली मुलगी तिला जागं करायचं औषध मोठ्या कष्टानं मिळवून आणते. ती मुलगी मला फार आवडली होती. भित्री आहे पण परत परत येते. आणि मग गुहेतली झटापट झाली की ती गोष्टीतून जाते ती जातेच. एवढं धाडस करणाऱ्या मुलीला लेखकानं आणखी दोन पानं द्यायला हवी होती, हे माझं मत ठाम आहे.

दुसरी ऑथॉरिटीची, म्हणजे या गोष्टीतल्या देवाची. इतकी वर्षं ज्याच्या नावानं सगळे कापतात, तो काचेच्या पालखीत बसलेला एक अतिवृद्ध, घाबरलेला, रडणारा जीव निघतो. मुलांना तो कोण आहे हेही माहीत नसतं. त्यांना त्याची दया येते, ती काच कापून त्याला हात देऊन बाहेर काढतात, आणि तो वाऱ्यानंच विरून जातो. जाताना त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव असतो. खूप जणांना हा पचका वाटतो. मला वाटतं मारायला निघालेल्या मोठ्यांच्या युद्धात दोन मुलं त्याला मदत करायला जातात, आणि त्यानंच ते घडतं, यापेक्षा चांगलं लेखकाला दुसरं काही लिहिता आलं नसतं. तोसुद्धा रॉजरसारखाच कोंडलेला होता.

अर्धविराम

वा, दिवेलागण! तो आणि रॉजर असे शेजारी ठेवून मी कधी बघितलंच नव्हतं. दोघेही उघड्यावर आल्या आल्या विरतात, आणि दोघांनाही बरं वाटतं.

चकवा, तुमच्या ‘एकच का’बद्दल. मोजणीचा पुरावा पुस्तकात नाही, हे खरं. तिथे लेखकाचा हात आहे. पण मला तो हात ताटातुटीकडे ढकलणारा वाटत नाही, निवडीकडे ढकलणारा वाटतो. समजा एकही खिडकी ठेवता येत नसती. मग दोघं नुसती दुर्दैवी ठरली असती आणि मेलेले पुन्हा कोंडले गेले असते. समजा दोन ठेवता आल्या असत्या. मग कुणालाच काही सोडावं लागलं नसतं. एकच आहे म्हणून ती कुणाला द्यायची हा प्रश्न उभा राहतो. आणि ती कुणाला दिली हे ज्यांना मिळाली त्यांना कधी कळणारही नाही. पुढे शेकडो वर्षं लोक मरतील, त्या अंधारात उतरतील, हार्पींना, म्हणजे तिथल्या राखणदार पक्षी-राक्षसिणींना, आपल्या जगण्याची खरी गोष्ट सांगतील आणि त्या त्यांना वाट दाखवत बाहेर नेतील. त्यांच्यातल्या एकालाही माहीत नसेल की ही वाट उघडी राहावी म्हणून दोन मुलं दोन जगांत, एकाच बाकावर, वेगवेगळी बसली होती.

खऱ्या गोष्टीची अटसुद्धा बघा. लायराचं नावच इंग्रजीत ‘लायर’च्या जवळचं. खोटं बोलणं ही तिची पहिल्या पुस्तकातली मोठी ताकद, त्यावर ती अस्वलांच्या राजालाही फसवते. मेलेल्यांच्या जगात तीच ताकद तिच्यावर उलटते, हार्पी तिच्या अंगावर धावून येतात. मग ती भुतांना आपल्या लहानपणीची, विटभट्टीच्या पोरांशी चिखलात मारामारी केल्याची गोष्ट सांगते, वासासकट, चिखलाच्या स्पर्शासकट. आणि हार्पी गप्प बसून ऐकत असतात. त्यांना कुणी खरं असं कधी खाऊ घातलंच नव्हतं. यानंतर शेवटी अलेथिओमीटर तिला वाचता येईनासं होतं, तेव्हा तीच देवदूत सांगते की आजवर तुला ते कृपेनं येत होतं, आता अभ्यासानं परत मिळवता येईल, पण त्याला आयुष्य लागेल. रानवारा यांनी स्पायग्लासबद्दल जे म्हटलं ते इथेही लागू पडतं.

खडू

नंतरची ‘द बुक ऑफ डस्ट’ वाचावी का? की इथेच थांबावं?

उंबरठा

वाचावी. पहिलं, २०१७चं, लायरा तान्ही असतानाचं. दुसरं, २०१९चं, ती वीस वर्षांची असतानाचं, आणि त्यात ती आणि पॅन एकमेकांशी धड बोलत नाहीत. निळी_शाईंनी ज्या धक्क्याबद्दल लिहिलं, तो तिथे पुन्हा समोर येतो. पॅननं तिला माफ केलं असं आपण मोठ्या मनानं धरलं होतं. तिसरं २०२५मध्ये आलं. त्याच्याबद्दल या धाग्यावर नको, ज्यांचं व्हायचंय त्यांचा विरस होईल.

पण ‘अँबर स्पायग्लास’ तिथे संपतं तसंही पूर्ण आहे. २००१ सालच्या व्हिटब्रेड पुरस्कारात मुलांच्या विभागात तर ते निवडलं गेलंच, शिवाय सगळ्या विभागांतून त्या वर्षीचं सर्वोत्तम पुस्तक ठरलं. मुलांसाठीच्या पुस्तकाला हा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. युद्ध, देव, मरण असं सगळं एका पुस्तकात कोंबलं अशी टीका होते, पण आपण वरती बोललो त्यातलं बहुतेक सगळं एका ताटातुटीशी येऊन जुळतं.

चकवा

अर्धविराम, निवडीकडे ढकलणारा हात, हे पटलं. पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. ती निवड दोघांनी आणखी एखादं प्रकरण झगडून केली असती तर मला हवं होतं. फार लवकर शहाणी होतात दोघं.

काल रात्री शेवटची दोन प्रकरणं परत वाचली. एक सुटलेलं सापडलं. गुहेत सुरी मोडते ती विलला ऐन वेळी आई आठवते म्हणून, मन दोन ठिकाणी ओढलं जातं म्हणून. शेवटी ती मोडायची असते तेव्हा तो मुद्दाम लायराला मनात आणतो. आधी जे नकळत झालं होतं तेच आता जाणून करतो. एवढी मोठी सुरी, जिच्यासाठी त्यानं दोन बोटं गमावली, आणि ती मोडायला त्याला फक्त तिची आठवण पुरते. मोडल्यावर तो तुकडे गोळा करतो. पहिल्यांदाही त्यानं असेच गोळा केले होते, पण तेव्हा जोडायचे म्हणून.

निळी_शाई

काल संपलं आमचं.

बाकाचं प्रकरण मी वाचत असताना ती काहीच बोलली नाही. मला वाटलं रडेल, पण नाही रडली. मी पुस्तक मिटायला गेले तर तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि पानं उलटी उलटी मागे नेली. खूप मागे. मला वाटलं नावेपाशी जातेय. ती रॉजरच्या पानावर थांबली, जिथे तो खिडकीतून बाहेर पाऊल टाकतो आणि हसतो.

म्हणाली, “हे परत वाच.”

मी वाचलं.

अर्धविराम

निळी_शाई, तिला माझा नमस्कार सांगा.